मापाचा तानपुरा आणि बाजारी तानपुरा

तयार शर्ट आणि मापाने शिवलेला शर्ट यांतला फरक आम्हा शाहूवाडीच्या कापडवाल्यांना गिऱ्हाइकाला रोज समजावून सांगावा लागतो. मिरजेच्या वाद्यबाजारातही हाच प्रश्न आहे. दोन तानपुरे दिसायला सारखे, मग एकाची किंमत इतकी जास्त का?

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. 'सैकल' म्हणजे धातूला चकाकी देणे, त्यावरून हा शब्द आला. तलवारींना धार लावणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आदी कारागिरांनी तंतुवाद्ये हाती घेतली. पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. हत्यार गेले, पण हुनर टिकला.

अस्सल काम गायकाच्या गळ्यापासून सुरू होते. पुरुषाचा तानपुरा साधारण काळी एकच्या आसपास लागतो, त्याला भोपळा मोठा आणि दांडी लांब लागते. बाईचा स्वर काळी चार-पाचचा, तिचे वाद्य लहान. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेल्या भोपळ्यांतून नेमका भोपळा निवडायचा, मग त्याच्या मापाने तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली घडवायची. लाकूड पुरते वाळलेले हवे, नाहीतर पुढे सांधा उकलतो. घाईच्या मालात हे उलटे होते. कापून ठेवलेल्या भागांना मिळेल तो भोपळा जोडला जातो. वर नक्षी भरपूर, पण आतले लाकूड कच्चे.

खरी परीक्षा जवारीची. तार घोडीवर जिथे टेकते तो भाग अगदी अल्प उताराने घासतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून आस साधली, की आवाज भरून येतो. हे यंत्राने होत नाही, कानाने होते. जवारी वापराने झिजते आणि पुन्हा काढावी लागते. म्हणून मापाच्या वाद्याबरोबर कारागिराशी कायमचे नाते जोडले जाते. बाजारी माल विकला, की दुकानदाराचा संबंध संपला.

२०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे बाहेरच्या मालावर मिरजेचे नाव लावण्यास कायद्याने आडकाठी झाली. पण मानांकन गावाची साक्ष देते, जवारीची नाही. मिरजेतच घाईने केलेला माल 'खास ऑर्डरचा' म्हणून विकला, तर गावाचे नाव आपल्याच हातांनी बुडेल.

म्हणून कारागीर बांधवांना आमची विनंती आहे. बिलावर स्वर, लाकूड आणि जवारीची हमी लिहून द्या. स्वस्त माल जरूर विका, नव्या शिकाऊ मुलांना तोच परवडतो. मात्र तो स्वस्त म्हणूनच विका. मालाचा ऐब सांगून सौदा करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि धंद्याची बरकतही त्यातच आहे.