सोयाबीन बियाण्याची घरगुती साठवण

खरिपात काढलेल्या सोयाबीनपैकी (लॅ. ग्लायसीन मॅक्स) निवडक भाग पुढील पेरणीपर्यंत उगवणक्षम स्थितीत घरी राखून ठेवण्याची पद्धती. मराठवाड्यातील लातूर व नांदेड या जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक असून तेथे या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. पिकाची मळणी साधारणतः ऑक्टोबरात होते आणि पेरणी 75 ते 100 मिमी. पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी होते. मधल्या आठ महिन्यांत बियाणे जिवंत राहणे हे मुख्यतः त्यातील ओलाव्यावर अवलंबून असते. सोयाबीन स्वपरागित असल्याने प्रमाणित बियाण्यापासून आलेले पीक पुढील दोन हंगाम बियाणे म्हणून वापरता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेल्या एमएयूएस-71, एमएयूएस-158 व एमएयूएस-612 या सरळ वाणांचे बियाणे असे राखता येते. पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, 2001 यानुसार स्वतःच्या पिकाचे बियाणे राखण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे.

ओलाव्याचे संतुलन : बी हे आर्द्रताशोषी असते. भोवतालची हवा दमट झाली की ते पाणी शोषते, कोरडी झाली की सोडते आणि कालांतराने हवेशी समतोल साधते. 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेत सोयाबीनमधील ओलावा सुमारे 9 टक्क्यांवर स्थिरावतो, तर 75 टक्के आर्द्रतेत तो सुमारे 13 टक्के होतो. त्याच 75 टक्के आर्द्रतेत ज्वारी मात्र सुमारे 15 टक्के ओलावा धरते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 20 टक्के तेल असते व तेल पाणी धरीत नाही, हे या फरकाचे कारण होय. म्हणून ज्वारीला चालणारा ओलावा सोयाबीनला घातक ठरतो. ज्वारीच्या अनुभवावरून हाताने वा दाताने दाणा पारखणाऱ्याची येथे फसगत होते. हवेची आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर गेली की साठवणीतील बुरशी, विशेषतः ॲस्परजिलस वंशातील जाती, वाढू लागतात. तुरीला किंवा ज्वारीला लागणाऱ्या किडींचा उपद्रव सोयाबीनला तुलनेने कमी होतो. त्याचा खरा शत्रू दमटपणाच.

जे. एफ. हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञांच्या स्थूल नियमानुसार 5 ते 14 टक्के या मर्यादेत ओलावा एक टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते; तापमान 5° से. ने उतरले तरीही तसेच घडते. त्यांच्या दुसऱ्या एका नियमाप्रमाणे फॅरनहाइट अंशांतील तापमान आणि टक्क्यांतील सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज 100 च्या आत असावी. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात दुपारचे तापमान 40° से., म्हणजे 104° फॅ. यापलीकडे जाते, हवेत बाष्प मुळीच नाही असे मानले तरी बेरीज मर्यादा ओलांडते. उष्णतेवर सामान्य घरात फारसा इलाज नसतो. हाती राहतो तो ओलावाच.

हंगामातील धोके : पहिला धोका काढणीच्या वेळी येतो. परतीच्या पावसात शेंगा भिजल्या, तर दाण्याची उगवणशक्ती शेतातच खालावते आणि नंतरच्या कोणत्याही साठवणीने ती परत येत नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने मराठवाड्यातील सोयाबीनची मोठी हानी झाली. 2020 च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी सर्वदूर आल्या व मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. बियाण्यासाठी न भिजलेलाच माल निवडावा हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा धोका उन्हाळ्यातील. एप्रिल-मेमध्ये दुपारची आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते, दाणा अतिशय कोरडा होतो व त्याचे पातळ टरफल ठिसूळ बनते. अंकुराचा भाग टरफलाच्या अगदी लगत असल्याने पोते आदळले तरी तो दुखावतो. शिवाय फार सुकलेले बी ओल्या जमिनीत पडताच झपाट्याने पाणी ओढते आणि त्याची पेशीपटले फाटतात. तेव्हा ‘जितके कोरडे तितके उत्तम’ ही समजूतही सोयाबीनच्या बाबतीत खरी नाही. तिसरा धोका पेरणी लांबल्यास उद्‌भवतो: मृगाच्या दमट हवेत उघड्या पोत्यातील बी पुन्हा ओलावा घेते.

साठवणीची रीत : मळणी दाण्यात 13 ते 14 टक्के ओलावा असताना, यंत्राचे फेरे मिनिटास 400 च्या आसपास ठेवून करतात. नंतर बी पातळ थरात, कडक ऊन टाळून, 10 ते 12 टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवितात. साध्या पोत्यातील बियाण्यासाठी प्रमाणित मर्यादा 12 टक्के आहे; हवाबंद पात्रासाठी ती 7 टक्के इतकी कडक ठेवण्याचे कारण असे, की बंद पात्रात शिरलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही. खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणीत अर्धवट वाळलेले बी बांधून ठेवणे म्हणूनच सर्वांत वाईट. स्वच्छ बारदान्यातील पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. जड पोती चार-पाचांहून अधिक एकावर एक रचू नयेत. त्याच खोलीत युरिया नसावा, कारण तो हवेतील पाणी ओढतो.

पूर्वी या भागात धान्य पेवात, बळदात किंवा कणगीत भरीत आणि बियाण्याची ज्वारी वेगळी काढून मडक्यात राखेत ठेवीत. सोयाबीनचा प्रसार गेल्या तीन-चार दशकांतला असल्याने त्यास अशी वडिलोपार्जित रीत लाभली नाही. जाड भिंतींच्या माळवदी घरातील आतली खोली उन्हाळ्यातही थंड राही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात ही घरे जीवघेणी ठरली. त्यांच्या जागी आलेली सिमेंटची व पत्र्याची घरे अधिक तापतात. अशा घरात पत्र्याखालची जागा टाळून उत्तरेकडील खोली निवडणे श्रेयस्कर.

ओलाव्याची व उगवणीची परीक्षा : ओलावामापक नसल्यास मिठाचा उपयोग करतात. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग बी व थोडे सुके मीठ घालून काही मिनिटे हालवितात. मीठ काचेला चिकटले, तर बी निश्चित ओले समजावे. सुमारे 75 टक्के आर्द्रतेला मीठ पाझरू लागते, म्हणजे ही खूण सोयाबीनच्या 13 टक्के ओलाव्याशी जुळते. मात्र मीठ न चिकटल्याने बी पुरेसे वाळले असेलच असे नाही. चिरूट जपणारे शौकीनही आपले आर्द्रतामापक याच गुणधर्मावर, ओल्या मिठाच्या साहाय्याने, पडताळतात. त्यांच्या पेटीत 65 ते 70 टक्के आर्द्रता मुद्दाम राखली जाते. तंबाखूच्या पानाला लवचिक ठेवणारी ही हवा उन्हाळ्याच्या उष्णतेत सोयाबीनच्या बियाण्यास मानवणारी नाही.

पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवतात व सहा-सात दिवसांनी निकोस अंकुर मोजतात. 70 किंवा अधिक दाणे उगवल्यास हेक्टरी 75 किग्रॅ. (एकरी 30 किग्रॅ.) बियाणे पुरते. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे एकरी सुमारे अर्धा किग्रॅ. वाढवितात. 60 च्या खाली उगवण गेल्यास ते बी पेरणीस न वापरता बाजारात विकणे इष्ट.