भाड्याचं घर – भाग ९ : डिपॉझिटचं व्याज कोणाचं?

घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापता येतात का, हे आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मधेच पाथर्डी फाट्यावरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्याला अख्खा भाग देतो. ताई विचारतात : भाडं १३ हजार, डिपॉझिट ६० हजार. अकरा-अकरा महिन्यांचे चार करार झाले, पैसे मालकांकडे तसेच राहिले. त्यांच्या व्याजात आमचा काही वाटा?

राहत आहात त्या काळापुरतं उत्तर सरळ आहे : नाही. आपल्याकडच्या बहुतेक लीव्ह अँड लायसन्स करारांत डिपॉझिट ‘बिनव्याजी व परतीचं’ असं लिहिलेलं असतं आणि त्याला तुम्ही मान्यता दिलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ या व्याजाबद्दल काहीच बोलत नाही. डिपॉझिट किती घ्यावं, यालाही त्यात मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नुसता नमुना आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

तरुण वाचकांना नवल वाटेल, पण एके काळी कायद्याचा रोख नेमका उलटा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या कलम १८ नुसार भाडेकरूला जागा देताना प्रमाणित भाड्यापलीकडे डिपॉझिट किंवा पागडी घेणं हा गुन्हा होता. व्यवहार थांबले नाहीत, ते पावतीविना होऊ लागले. जुन्या वाड्यांतल्या कित्येक कुटुंबांकडे दिलेल्या पागडीचा कागदाचा एक कपटाही नाही, तो यामुळे. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने पागडी-डिपॉझिट दोन्हींना मोकळीक दिली. बंदी गेली, हे माझ्या मते चांगलंच झालं. पण बंदी उठवताना घेतलेला पैसा सांभाळण्याचा आणि परत करण्याचा नियम घालायला हवा होता, तो राहून गेला.

आता गंमत पाहा. ज्या व्याजाबद्दल भाडे कायदा गप्प आहे, ते व्याज मुद्रांक कायदा मात्र चोख मोजतो. लीव्ह अँड लायसन्सवरचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते नुसत्या भाड्यावर लागत नाही. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि त्या बेरजेवर शुल्क आकारतात. ताईंचा एक करार घेऊ. अकरा महिन्यांचं भाडं १,४३,००० रुपये. ६० हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज १,४८,५००, त्यावर शुल्क ३७१ रुपये २५ पैसे. व्याजापोटी सरकारला मिळाले पावणेचौदा रुपये. रक्कम किरकोळ आहे, तत्त्व किरकोळ नाही. घरमालकाला डिपॉझिटमधून भाड्यासारखाच लाभ होतो, हे राज्याने स्वतःच्या हिशेबात मान्य केलेलं आहे.

जर्मनीत हा प्रश्न नागरी संहितेच्या कलम ५५१ ने सोडवला आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं, तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो. मालकाने ते स्वतःच्या पैशांत न मिसळता बचतीच्या दराने गुंतवायचं आणि येणारं व्याज भाडेकरूचं. व्याजापेक्षाही मला त्यातलं ‘न मिसळता’ महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पैसे अडकतात ते बऱ्याचदा मालकाची नियत वाईट म्हणून नव्हे, ते केव्हाच खर्च झालेले असतात म्हणून. ‘नवा भाडेकरू आला की देतो’ या उत्तराचा अर्थ तोच.

आणि इथेच व्याजाचा खरा उपयोग सुरू होतो. चावी दिल्यानंतरचा काळ वेगळा. मुदत संपूनही भाडेकरूने घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. मालकाने डिपॉझिट अडवलं तर त्या कायद्यात भाडेकरूसाठी असा दरवाजा नाही. त्याने दिवाणी न्यायालयात जायचं. हा असमतोल मला मुळीच पटत नाही.

पण १९७८ चा व्याज कायदा आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. करारात परतीची निश्चित वेळ लिहिलेली असेल, तर त्या दिवसापासून न्यायालय व्याज देऊ शकतं. नसेल, तर ‘अमुक तारखेपासून व्याज मागणार’ अशी लेखी नोटीस दिली असेल, तर त्या तारखेपासून. म्हणजे व्हॉट्सॲपवर ‘काका, पैशांचं बघा ना’ असं चार महिने विनवत राहण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात स्पीड पोस्टाने पत्र धाडावं. त्यात कराराचा नोंदणी क्रमांक, चावी दिल्याची तारीख, येणं असलेली रक्कम आणि व्याजाची तारीख असावी. भाषा सभ्य ठेवावी, आवाज चढवायची गरज नसते.

एक मेख मात्र आहे. स्पष्ट कराराने व्याज नाकारलेलं असेल, तर हाच कायदा ते देत नाही. त्यामुळे ‘बिनव्याजी’ एवढंच मोघम लिहिलेलं असलं की समोरचे वकील त्यावर बोट ठेवतात. म्हणून नवा करार करताना वाक्य असं लिहून घ्या : ‘मुदतीच्या काळात डिपॉझिट बिनव्याजी राहील. ताबा दिल्याच्या दिवशी ते परत करावयाचे असून उशीर झाल्यास ठरलेल्या दराने व्याज देय राहील.’ दराचा आकडाही तिथेच घाला. करार ऑनलाइन होत असेल, तर एजंटला मसुदा आधी मागा. अंगठा लावायला यंत्र घरी आल्यावर वाचायला कोणालाच वेळ नसतो.

ताई, तुम्ही अजून त्याच घरात आहात, तेव्हा पाचव्या कराराला हे वाक्य घालता येईल. घर सोडून पैशांची वाट पाहत असलेल्यांनी दाव्याची साधारण मुदत तीन वर्षं हे लक्षात ठेवावं. रक्कम लहान असेल तर आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि तिथे कोर्ट फी लागत नाही.

रंगाचा प्रश्न पुढच्या भागात नक्की. घरात शिरतानाचे भिंतींचे फोटो कोणाकडे असतील, तर ते तोवर शोधून ठेवा.