सायबर विधीचे शिक्षण
संगणक, संगणकजाळे व इलेक्ट्रॉनिक अभिलेख यांच्या वापरातून उद्‌भवणारे हक्क, दायित्वे व अपराध यांविषयीच्या विधीचे अध्ययन आणि प्रशिक्षण. भारतात या विधीचा मुख्य आधार असलेला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला.

विधी केवळ संमत होऊन भागत नाही; तो राबविणाऱ्यांना ज्ञात असावा लागतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उद्‌भवलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ संविधानबाह्य ठरविले. तथापि काही राज्यांत या रद्द कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. २०२२ मध्ये ते थांबविण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला.

पुराव्याच्या बाबतीतही हीच अडचण येते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीविषयीच्या खटल्यात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या प्रती सादर झाल्या. परंतु मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्यांसोबतचे प्रमाणपत्र दिले नाही. मूळ साधन हजर न केल्यास असे प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे.

म्हणून हे शिक्षण विधी महाविद्यालयांपुरते मर्यादित न राहता पोलीस, अभियोक्ते, न्यायाधीश व शासकीय कर्मचारी यांनाही नियमितपणे मिळणे आवश्यक ठरते. त्याअभावी निरपराध व्यक्तीस अटक होते आणि खरा पुरावाही निरुपयोगी ठरू शकतो.