कागदाच्या भिंतीत खिडकी बसवताना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूचा बल्लारपूरच्या गिरणीत कागद होतो, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण वापरून झालेल्या कागदाची पुन्हा भिंत उभारता येते म्हटलं, की ऐकणारा हसतो. पावसात विरघळेल, नाहीतर एका काडीत पेटेल, असा त्याचा निकाल ठरलेला.

रद्दी भिजवून लगदा करायचा, त्यात सिमेंट आणि हवी तर रेती मिसळून साच्यात वाळवायचा, हे पेपरक्रीट. अमेरिकेत त्याचं पहिलं पेटंट १९२८ सालचं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही कागदगिरणीचा टाकाऊ गाळ आणि सिमेंट यांच्या हलक्या विटा करून तपासल्या आहेत. सिमेंटने वेढलेला कागद भडकत नाही, मात्र सिमेंट कमी पडलं तर आतल्या आत धुमसत राहू शकतो. म्हणून चुलीला लागून ही भिंत नको. विरघळतही नाही, पण उघडी राहिली तर पाणी पीत राहते.

आणि ते पाणी शिरतं बहुधा खिडकीपाशी.

‘भिंत करवतीनं कापता येते, मग खिडकी मागाहून काढू’ हा घरच्या घरी बांधणाऱ्यांचा आवडता गैरसमज. कापणं सोपं, चौकट धरून ठेवणं अवघड. या मऊ भिंतीत ठोकलेला खिळा किंवा स्क्रू सुरुवातीला घट्ट वाटतो. उन्हाळी वावटळीत पल्ला चार वेळा आपटला, की भोक सैल होतं. आलापल्लीच्या सागवानाची चौकट असली तरी फरक पडत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथूनच साग गेला, पण तो दगडात बसला. इथे बाजूच्या थरांत बांधतानाच लाकडी ठोकळे पुरावे लागतात, किंवा चौकटीला स्वतःचे खांब द्यावे लागतात.

हे काही नवं नाही. इथल्या कुडाच्या घरात बांबूच्या तट्ट्यावर माती-शेणाचा लेप असतो, पण छपराचा भार पेलतात लाकडी खांब, आणि दाराची चौकटही त्यांच्याच आधारानं उभी राहते. कूड फक्त मधली जागा भरतो. पेपरक्रीटला तेवढंच काम द्यावं.

‘भिंत हलकी, मग लिंटेल कशाला?’ असंही विचारलं जातं. पेपरक्रीट विटेसारखं तडकत नाही, दाबाखाली हळूहळू बसत जातं. वरचा भाग थोडा खचला, तरी पल्ला अडकतो. पक्क्या विटेत गवंडी लिंटेलला दोन्ही बाजूंना अर्धा फूट टेकू देतो. इथे फूटभर द्यावा. ओल्या लगद्याची भिंत वाळताना आकसतेही. त्यामुळे पेपरक्रीटचे ठोकळे पूर्ण वाळवून मगच रचावेत, आणि ओळंबा-पाणसळ लावून चौकट उभी केल्यावर कडेची फट भरावी.

फटीत सिलिकॉन भरलं की काम झालं, हे मात्र खोटं. सव्वा मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात आधी वर छज्जा हवा, त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच गळतो. खिडकीच्या तळाशी बाहेर ढाळ दिलेली फरशी, भिंतीच्या दोन इंच पुढे आलेली. सिलिकॉनचा नंबर शेवटी.

राहिला उन्हाळा. पारा ४७ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात जाड कागदी भिंत ऊन अडवते, हे खरंच. त्यावरून खिडकी नावापुरती ठेवणं चूक, कारण आत साठलेली गरमी रात्री बाहेर जायला समोरासमोर दोन खिडक्या लागतात. पश्चिमेची तेवढी टाळावी.

गिलावा वाळल्यावर पावसाळ्याची वाट पाहत बसू नये. खिडकीवर बाहेरून दोन-तीन बादल्या पाणी ओतावं, तासाभरानं आतल्या कोपऱ्यांवर तळहात टेकवावा. गार लागलं तर फरशी उचलून ढाळ पुन्हा द्यावा लागणार.