घडीच्या फोनवरील खुणा

घडी घालून मिटता येणारा साधा फोन, म्हणजेच फ्लिप फोन, वापरणाऱ्या शेतकरी बंधूंनी त्याच्या पडद्यावरील खुणा नीट ओळखावयास हव्यात. पावसाचा इशारा संदेशाने आला, पण तो कळलाच नाही, तर मळणीसाठी कापून ठेवलेले पीक भिजते.

चढत्या उंचीच्या रेघा रेंज दाखवितात. एकच रेघ दिसल्यास उंच, मोकळ्या जागी जावे. बॅटरीच्या चित्रातील शेवटचा कप्पा उरताच फोन चार्जिंगला लावावा. घंटेवर तिरपी रेघ असेल तर फोनचा आवाज बंद आहे असे समजावे.

पाकिटाची खूण म्हणजे न वाचलेला संदेश होय. पुष्कळ फोनांत संदेशांची जागा भरली की हेच पाकीट उघडझाप करू लागते. अशा वेळी जुने संदेश पुसल्याखेरीज नवा संदेश येत नाही. बाहेरच्या बाजूस लहान पडदा असल्यास त्यावर यांतील काही खुणा फोन न उघडताही दिसतात.

सकाळी कामास निघण्यापूर्वी रेंज, बॅटरी, घंटा व पाकीट या चार खुणा रोज पाहाव्यात. इशारा वेळेवर कळल्यास कापलेले पीक झाकण्यास अवधी मिळतो.