यंत्राचे घोडे, नशिबाची शर्यत

कॅसिनोतल्या यांत्रिक घोड्यांचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये सापडते. तिथे ‘पती शव्हो’, म्हणजे छोटे घोडे, नावाचा खेळ होता. मधल्या एका आसाभोवती फिरणाऱ्या सुट्या दांड्यांच्या टोकांना धातूचे घोडे बसवलेले असत. कळ फिरवली की सगळे एकदम सुटत आणि घर्षणाने वेग मंदावत आपापल्या जागी थांबत. विजयाचा मान ठरलेल्या खांबाजवळ थांबणाऱ्या घोड्याला मिळे.

पुढे 1980च्या दशकात जपानच्या सिग्मा कंपनीचे ‘सिग्मा डर्बी’ हे टेबल लास वेगासला पोहोचले. पारदर्शक झाकणाखाली लंबगोल मैदान, त्यावर जॉकींसह पाच घोडे आणि भोवती दहा जणांच्या बैठकी, अशी त्याची रचना. पैज पहिल्या दोन घोड्यांच्या जोडीवर लागते. त्यांतला पुढचा कोण याने फरक पडत नाही. पाच घोड्यांच्या अशा जोड्या बरोबर दहा होतात. शर्यतीआधी प्रत्येक जोडीचा भाव फलकावर उजळतो: कुणाचा दुप्पट, कुणाचा दोनशेपट. 25 सेंटची नाणी पडली की घोडे आपापल्या खाचांतून धडधडत, हेलकावत निघतात. अनोळखी माणसे एकाच घोड्याच्या नावाने ओरडू लागतात, आणि या खेळाची खरी गोडी तीच आहे. सेगा कंपनीच्या नंतरच्या खेळांत खाचा गेल्या. मैदानाखालून धावणाऱ्या गाड्या वरच्या घोड्यांना चुंबकाने ओढू लागल्या, त्यामुळे घोडा आतली बाजू धरू शकतो, दुसऱ्याला मागेही टाकू शकतो.

जत्रेतला प्रकार मात्र वेगळा. तिथे खेळाडू चेंडू घरंगळवतो आणि तो ज्या भोकात पडेल तितकी पावले घोडा पुढे सरकतो. इथे हाताचा नेम चालतो.

कायद्याचा सगळा प्रश्न याच फरकावर उभा आहे. सार्वजनिक जुगाराविरुद्धचा 1867 चा कायदा नागपूर ज्या मध्य प्रांतात होते तिथेही लागू होता. मुंबई प्रांताने स्वतःचा कायदा 1887 मध्ये केला. केवळ कौशल्याचे खेळ दोन्ही कायद्यांनी वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली, कारण घोड्याचा वंश, त्याची तयारी आणि जॉकीचा हात यांचा अभ्यास करता येतो. टेबलावरच्या घोड्याला ना वंश ना तयारी. तिथे निकाल यंत्र देते, म्हणून तो नशिबाचाच खेळ.

गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना वाट करून दिली. महाराष्ट्रानेही 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच झाला. मुलांना चेंडूचे घोडे खेळवायला नागपूरजवळच्या बेशासारख्या नव्या वस्तीतल्या खेळघराला हरकत नसावी. पैसे लावायचे यांत्रिक टेबल मात्र तिथे मांडता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.