बॉम्ब नेम धरून पडत होते का?

जून १९४४ पासून जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब लंडनवर कोसळू लागले. काही वस्त्या पुन्हापुन्हा उद्ध्वस्त, तर शेजारच्या शाबूत. नकाशावर खुणांचे पुंजके दिसत होते, तेव्हा शत्रू ठरावीक भागच हेरतोय, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

विम्याची गणिते करणाऱ्या आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला, त्याचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि मोजणी केली. बॉम्ब ५३७. निव्वळ योगायोगाने पडले असते, तर गणितज्ञ प्वासाँ यांच्या सूत्रानुसार सुमारे २२७ चौकोन रिकामे राहायला हवे होते. राहिले २२९! एकच बॉम्ब पडलेले चौकोन अपेक्षित २११, प्रत्यक्षातही २११. क्लार्क यांचा हा निबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या पानभराचा, पण माझ्या मते संख्याशास्त्रातला सर्वात देखणा.

यादृच्छिक म्हणजे सगळीकडे सारखे पसरलेले, ही आपली समजूतच चुकीची आहे. मूठभर तांदूळ फरशीवर उधळा, कुठे ढीग दिसेल, कुठे मोकळी जागा. दाणे समान अंतरावर पडले, तरच शंका घ्यावी.

क्लार्क यांच्या एका चौकोनात तर ७ बॉम्ब पडले होते. तिथल्या रहिवाशाला हा योगायोग पटवून पाहा!